दुसरी पिशवी

पहिली पिशवी लावली आणि थोड्याच वेळात नवऱ्याला हुडहुडी भरली. दात कडकड वाजायला लागले, दोन ब्लँकेटं टाकली तरी पाय थंडगार. नर्स धावत आली, तिने नळी बंद केली आणि पिशवी तपासायला पाठवली. तिला मी आजही मनातल्या मनात हात जोडते. डेंग्यूने नाकातून, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, म्हणून शेणव्याच्या आमच्या घरून शहापूरला आणि तिथून या मोठ्या दवाखान्यात आणलेला माणूस. रक्त थांबावं म्हणून प्लेटलेट लावल्या, तर त्यांनीच ताप चढवला.

ताप उतरला, पण नाकाचं रक्त थांबेना. डॉक्टर म्हणाले, आणखी एक पिशवी लागेल, रक्तदाता बघा.

"आता नाय लावायची," मी सरळ सांगून टाकलं.

माझा स्वभाव मुळातच तापट, त्यात भीतीने डोकं चालत नव्हतं. डॉक्टर चिडले नाहीत. कधीकधी दात्याच्या कातडीवरचे जंतू सुईबरोबर आत जातात, प्लेटलेट फ्रीजमध्ये ठेवता येत नाहीत, म्हणून ते पिशवीत वाढतात, असं त्यांनी समजावलं. पण न लावण्यात धोका जास्त आहे, हेही सांगितलं. मला त्यातलं 'जंतू' एवढंच ऐकू आलं.

तरी रक्त थांबेना, म्हणून शेवटी मीच फोन केला आणि मुरबाडहून माझा धाकटा भाऊ आला. घरी म्हशी, दुधाचा धंदा. त्याचा गट जुळला, तपासण्या झाल्या. रक्तपेढीत मी त्याच्या खुर्चीला खेटून पहारा द्यायला उभी राहिले. तिथल्या मुलीने त्याच्या कोपराच्या आतला भाग औषधाने घासून वाळू दिला. तेवढ्यात या शहाण्याने शीर कुठंय म्हणून तिथंच बोट लावलं. म्हशीचा सड चाचपायची सवय, दुसरं काय! मुलीने सगळं पहिल्यापासून घासलं. मग सुई टोचली आणि सुरुवातीचं रक्त बाजूच्या छोट्या पिशवीत सोडलं.

मी उसळलेच. "अवो, तिकडं माणूस मरायला टेकलाय आणि तुमी रक्त बाजूला कशाला काढता?"

भाऊ पडल्या पडल्या हसला. "गप गो ताई. बाबा पयली धार भुईवर सोडायचा, इसरलीस? तू ती भांड्यात घेतलीस तर केवढा वरडायचा तुला."

"तसंच आहे," मुलगी म्हणाली. "सुईबरोबर काही आलंच, तर ते या पहिल्या रक्तात येतं. हे तपासणीला जाईल, पेशंटला नाही."

लग्न होईपर्यंत रोज म्हैस पिळणारी मी. पहिली धार भुईची, मग घराची, हे मला कुणी शिकवायला नको होतं. माझा राग कुठच्या कुठे पळाला आणि कितीतरी वेळाने मी स्टुलावर टेकले.

संध्याकाळी भावाच्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेटची दुसरी पिशवी लावली. ताकाच्या निवळीसारखं पिवळसर पाणी थेंबथेंब उतरत होतं. मी नवऱ्याची पावलं दोन्ही हातांत धरून बसले. गार पडली की ओरडायचं, एवढंच ठरवलं होतं. नर्स सारखी येऊन ताप बघत होती. पावलं कोमटच राहिली.

पिशवी संपत आली तेव्हा त्याने डोळे उघडले, कपाळाला आठ्या घातल्या आणि ब्लँकेट लाथेने बाजूला सारलं.

"पंखा लाव ना गो. किती उकडतंय!"

मी पंखा लावला आणि भिंतीकडे तोंड करून मनसोक्त रडले.