न बसायचे तीस जण

नवरा गेल्यापासून रत्नमाला सिस्टर चिकलठाण्याच्या खोलीत एकट्याच राहायच्या. एकेचाळिसाव्या वर्षी त्यांनी एम.एस्सी. नर्सिंगला नाव घातलं. प्रबंधाचा प्रश्न त्यांचाच होता: ऑपरेशनआधी नर्स दहा मिनिटं शेजारी बसली, तर रुग्णाची भीती कमी होते का? तीस जणांजवळ बसायचं, तीस जणांजवळ नाही, आणि दोन्ही गटांच्या भीतीचे गुण ताडून पाहायचे.

संख्याशास्त्राचे ऋतुराज सर त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. लॅपटॉप वळवत ते म्हणाले, "सिस्टर, एवढा फरक योगायोगानंही पडतो. बसण्याचा उपयोग होतो, असं म्हणता येणार नाही. न बसलेल्यांचीही भीती उतरलीय. ती कशी?"

"त्यातल्या चौदा जणांजवळ मी बसले होते, सर."

"अहो, का?"

"त्यांच्यासोबत कुणीच नव्हतं. सिल्लोडच्या आवडाबाईंनी तर हातच धरला. म्हणाल्या, जाऊ नगं पोरी, लई भ्या वाटतं."

सरांनी कपाळाला हात लावला. "हे सांगितलं नसतंत, तर प्रबंध खपून गेला असता. आता न बसायचे तीस रुग्ण नव्यानं घ्या. सहा महिने गेले."

"व्हय. पण बसून काही होत नाय, असं छापलं असतं ना माझ्या नावानं."

सोमवारी नव्या यादीतले पहिले कडूबा आजोबा एकटेच आले होते. सिस्टरला पाहून त्यांनी पाय आखडून खाटेवर जागा केली. "बसा की, बाई."

"काम आहे, बाबा," म्हणून सिस्टर बाहेर आल्या आणि भिंतीला टेकून घड्याळाकडे बघत राहिल्या.