गेझीनेच्या हातची दाढी

गेझीनेबद्दल कुणी विचारलं तर मी म्हणते, "फार गुणी बाई." तोंडदेखलं म्हणते. खरं सांगायचं तर तिचं नाव निघालं की अजून माझ्या पोटात दुखतं, आणि याला अठ्ठावीस वर्षं झाली.

आमचं गाव बाल्टिक समुद्राच्या काठावर, आणि गावाच्या मानाने नाट्यगृह बरंच मोठं. तिथल्या रंगभूषेच्या खोलीत आम्ही दोघी एकाच दिवशी शिकायला लागलो. मी तेवीस वर्षांची, ती एकतीसची. माझ्या आईचं सलून होतं, म्हणजे केसांच्या ढिगात मी रांगायला शिकले. गेझीने कोळ्याची लेक. बापाची फाटकी जाळी दुरुस्त करण्यात तिचं बालपण गेलेलं. "ही काय दाढ्या बनवणार, कपाळ," असं मी पहिल्याच संध्याकाळी आईला सांगितलं.

खोटी दाढी बनवणं म्हणजे भलतं किचकट काम. लाकडी ठोकळ्यावर बारीक जाळी टाचण्यांनी ताणून बसवायची आणि सुईच्या टोकाएवढ्या आकड्याने एकेक केस भोकातून ओढून गाठ मारायची. खालून सुरुवात करून वर जायचं, म्हणजे वरचे केस खालच्या गाठी झाकतात. केस याकचे, कारण माणसाच्या डोक्याचे दाढीला फार मऊ पडतात. मधल्या भागात एका गाठीला दोन-तीन केस चालतात, पण गालावरच्या कडेला एका भोकात एकच. नाहीतर दाढी उगवल्यासारखी नाही, चिकटवल्यासारखी दिसते. एका दाढीला आठवडा जातो, आणि मान मोडते ती वेगळीच.

आमचे ट्योनीस मास्तर झालेलं काम खिडकीशी नेऊन उजेडात धरत आणि त्यावर फुंकर मारत. माझी पहिली दाढी त्यांनी फुंकली आणि म्हणाले, "विब्के, ही दाढी आहे का पायपुसणं?"

गेझीनेच्या दाढीवर फुंकर मारली. केस हलले आणि परत जागच्या जागी बसले. मास्तरांनी पुन्हा फुंकलं, नुसतं मजा म्हणून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

महिन्याभरात ती न बघता गाठी मारायला लागली. हात चालू आणि तोंडही चालू. शेजारीण नवऱ्याला कशी घराबाहेर काढते, भाऊ लग्नाला कसा तयार होत नाही, सगळं सांगून आम्हाला हसवायची. मी हसले की माझ्या तीन गाठी चुकायच्या. चार वाजता सगळे कॉफी आणि केक घ्यायला गेले की ती माझ्या ठोकळ्याशी यायची.

"दे इकडे. तुझ्या बोटांना घाम येतो ग. जरा पावडर लावून बघ."

"मला कळतं माझं," मी म्हणायचे.

"कळतं तर. म्हणूनच ही ओळ उलटी गेलीये."

मी पावडर लावली. फरक पडला. त्याचाच मला जास्त राग आला. मदत करणाऱ्या माणसाचा राग येतो म्हणजे मन किती सडलं असेल बघा. पण येत होता, त्याला मी काय करू?

तिसऱ्या वर्षीच्या वसंतात मास्तरांनी दोघींना समोर उभं केलं. "सप्टेंबरपासून या खोलीत कायमची एकच जागा भरायची आहे. मे महिन्यातल्या ऑपेरात राजाची दाढी जिची निभावेल, तिचं नाव मी वर कळवणार."

दोघींनी दाढ्या केल्या. मी अकरा दिवस घासले, गेझीनेने सहा. मास्तरांनी दोन्ही फुंकल्या. माझी कपाटात गेली आणि तिची राजाला मिळाली. आई म्हणाली, "परत ये सलूनमध्ये, आहे काय त्या नाटकात?" मी त्या दिवशी जेवले नाही. मला म्हाताऱ्यांचे केस कापायचे नव्हते. मला ती खोली हवी होती, तो डिंकाचा वास, ती आरशाभोवतीची दिव्यांची रांग. दुसरं मला काही हवंच नव्हतं.

मग शेवटी एकदाचं गेझीनेच्या भावाचं लग्न ठरलं. ती लग्नासाठी दोन दिवस जवळच्या एका बेटावर गेली, आणि नेमकं त्याच दोन दिवसांत मास्तरांनी मला गायकाची दाढी कशी चिकटवायची ते शिकवलं; तोवर ते काम ते स्वतःच करत. नटाला चिकटवणं वेगळं आणि गायकाला वेगळं. आधी हनुवटीचा मध्य चिकटवायचा. मग गायकाला तोंड पूर्ण उघडायला लावायचं, जबडा खाली पाडायला लावायचा, आणि तसाच धरून दोन्ही गाल चिकटवायचे. मिटल्या तोंडावर चिकटवलं तर पहिल्या लांब सुराला जाळी ताणली जाते आणि कड सुटते.

"गेझीने आली की तिला सांग," मास्तर म्हणाले.

"सांगते," मी म्हणाले.

सांगितलं नाही. सोमवारी विसरले असं म्हणता येईल. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी मी विसरले नव्हते. ती लग्नातल्या गमती सांगत होती आणि मी मान डोलवत होते.

रंगीत तालमीला मास्तरांनी दाढी स्वतःच चिकटवली. गेझीने तेव्हा पलीकडच्या खोलीत कोरसच्या चोवीस मिशांमध्ये अडकली होती. रविवारी पहिला प्रयोग. मास्तर म्हणाले, "दाढी तुझी, गेझीने, आज हातही तुझाच."

राजाचं काम करणारा लाडेविग हा मोठा तालेवार गवई. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी आवाज जपायचा म्हणून सकाळपासून एक शब्द बोलत नसे. ओठ घट्ट मिटून, डोळे मिटून खुर्चीत बसला. मी शेजारच्या आरशापाशी राणीचा टोप विंचरत होते. गेझीनेने डिंक लावला, मध्य बसवला, मग त्याच्या मिटल्या तोंडावरच दोन्ही गाल दाबून घेतले. इतकं सुबक काम की राजाला जन्मतःच दाढी असावी. आरशात मला सगळं दिसत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. मी टोप विंचरत राहिले.

पहिल्याच अंकात लाडेविगने सूर लावला आणि डाव्या गालावरून दाढी सुटली. बिचारा उरलेला अंक हनुवटीला हात लावून, फार मोठ्या चिंतेत असल्यासारखा गायला. तिसऱ्या रांगेत कुणीतरी हसलं. मध्यंतरात मास्तरांनी पांढऱ्याफटक चेहऱ्याने दाढी पुन्हा चिकटवली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी दोघींना बोलावलं. "गेझीने, तोंड उघडून चिकटवायचं हे विब्केने तुला सांगितलं नव्हतं?"

गेझीनेने माझ्याकडे बघितलं. तिला तेव्हाच सगळं कळलं.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "माझ्याच डोक्यातून गेलं, मास्तर."

जागा मला मिळाली.

ती भावाबरोबर बंदरावर ताजे आणि भाजलेले मासे विकायला लागली. दोन वर्षं मी ती बाजू टाळली. मग एका शनिवारी गेले. गिऱ्हाईक नव्हतं. मी सरळ विचारलं, "तेव्हा खोटं का बोललीस?"

"तुझं तोंड बघवेना ग," ती फडक्याला हात पुसत म्हणाली. "मला मासे विकूनही मजेत राहता येतं. तुला ती जागा नसती मिळाली तर तू काय केलं असतंस?"

मी तीन वर्षं जिच्यावर जळले, तिने माझी कीव केली होती. आणि वर ती मजेतही होती. गाल थंडीने लाल, हात गार पाण्यात, बाजूच्या दुकानदाराशी थट्टा चाललेली. तिला एक ठेवून द्यावी असं वाटलं. त्याऐवजी मी दोन भाजलेले हेरिंग मासे मागितले. तिने तीन बांधून दिले.

घरी जाऊन एकटीने खाल्ले. फार चांगले होते. मेलीला तेही जमत होतं.