आबांची ड्यूटी

“पोरीनंच पाडलं मामाला. रोज उठव, बसव, उठव, बसव. ह्या वयात कुठं व्यायाम असतो का, माय?”

काकू प्लास्टरच्या खोलीबाहेर शेजारणीला सांगत होती. मी एक्स-रेचं पाकीट घेऊन जिन्याच्या वळणावर होते, तिथंच थांबले. आत आबांच्या मनगटाला प्लास्टर चढत होतं. काका काकूच्या शेजारीच उभे होते. त्यांनी ऐकलं आणि मोबाइलकडे बघत राहिले.

आबा म्हणजे माझे आजोबा, काकूचे सासरे; ती त्यांना मामा म्हणते. मुदखेडला रेल्वेत पॉइंट्समन होते, गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलायचे. निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग आपण जेवलो की नाही ते, मग माझं नाव. नांदेडच्या आमच्या घरात ते दोनदा पडले, तेव्हा तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला व्यायाम शिकवले. मलाच, कारण त्यांनी दिलेला इंग्रजी कागद घरात दुसरं कुणी वाचत बसलं नसतं. आई-बाबा दोघंही नोकरीला. पुढं मी कॉलेजसाठी लातूरला काकांकडे राहायला आले आणि आबांनाही तिथंच आणलं.

बाईंनी सांगितलं होतं, एका वेळी एकच सूचना द्यायची. रोज तीच वेळ, तीच खुर्ची, आणि आपण हाताच्या अंतरावर. पण “उभे राहा” म्हटलं की आबा नुसते माझ्याकडे बघायचे. एकदा वैतागून मी म्हणाले, “आबा, ड्यूटी आहे.” ते उठले. हातांचा आधार न घेता, सरळ. त्या दिवसापासून सगळं त्या एका शब्दावर चाललं. सकाळी सातला दहा वेळा खुर्चीतून उठायचं. मग खिडकीचे गज धरून टाचा उचलायच्या. मग हळू वळायचं, कारण आबा वळतानाच पडायचे. चपला काढून टाकून मी त्यांना मागं पट्टा असलेल्या सँडल आणल्या. पाण्याचे ड्रम त्यांच्या वाटेतून हलवले, त्यावरून काकूचं ऐकूनही घेतलं.

तो शब्द मी काकूला सांगितला. मी कॉलेजात असताना आबांना संडासला उठवायचं असेल तर सोपं जाईल म्हणून. मी घरात कुणाला सहसा काही सांगत नाही. हे मात्र आपणहून सांगितलं.

तो लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा. आमच्या गल्लीत टँकर यायचा, कधी सकाळी, कधी भर दुपारी. रांगेतली भांडणं वाढली तशी गल्लीनंच एक रीत पाडली होती. रांगेत घरचं म्हातारं माणूस स्वतः उभं असेल, तर त्या घराच्या घागरी आधी भरायच्या.

प्लास्टरनंतरच्या रविवारी मी रांगेत गेले. पुढं दोन बायकांचं चाललं होतं.

“उदगीरचा जिल्हा होणार म्हणं.”

“होऊ दे की. नवा कलेक्टर आला की त्याच्याच दारात घागर ठिवू.”

हसता हसता त्यातली एक माझ्याकडे वळली. “आबा कसे हाईत गं? लई कडक उभं राहत होते. तुझी काकू ‘मामा, ड्यूटी हाय’ म्हणली की निघालेच. त्या दिवशी पाइप पायात आला अन् वळता वळता चिखलात गेले बघ. तुझ्या काकानंच येऊन उचललं.”

“रोज यायचे?” मी विचारलं.

“टँकर आला की हायेतच. महिना झाला असंल.”

त्या महिन्यात आबांच्या सँडलचे पट्टे मी दोनदा ओले पाहिले होते. दोन्ही वेळा ते उन्हात ठेवले आणि कुणाला काही विचारलं नाही. घरात पाणी जरा बरं येतंय, एवढं लक्षात आलं होतं. त्या पाण्यानं मी केसही धुतले होते.

त्यांचे पाय मी तयार केले होते. अर्धा तास उन्हात उभं राहता येईल इतके.

त्या संध्याकाळी बाबांचा फोन आला. काकांनी त्यांना काकूचंच सांगणं सांगितलं होतं. “जमत नव्हतं तर तसं बोलायचं ना, बाळा,” बाबा म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी कदाचित बोलले असते. काका समोर सोफ्यावर होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी टीव्ही लावला. मी फोनवर “हो” म्हणाले.

व्यायाम बंद झाले. काकूनं पलंगाला दोन खुर्च्या आडव्या लावल्या. सकाळी सातला आबा उठायची धडपड करायचे, खुर्चीवर पाय आपटायचे. तीन आठवड्यांत पोटऱ्या सैल पडल्या. संडासला न्यायला दोन माणसं लागू लागली.

प्लास्टर काढायला आम्ही सगळे गेलो. डॉक्टरांनी आबांना उभं करून पाहिलं. गुडघे लटपटले.

“आधी चालत होते ना? असेच झोपून राहिले तर पुन्हा चालणार नाहीत,” ते म्हणाले. “पडले कसे? नीट सांगा. त्यावर पुढचं ठरवायचंय.”

“व्यायाम करताना,” काकू म्हणाली. “आता नगं ते, डॉक्टरसाहेब. पलंगावर तरी बरे हाईत.”

काकांनी खिशातून मोबाइल काढला. डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहायला कागद ओढला.

माझा आवाज इतका मोठा निघेल असं मला वाटलं नव्हतं.

“काकूनं त्यांना टँकरच्या रांगेत उभं केलं होतं, तिथं पडले. मी कॉलेजात होते. काकांना माहीत आहे. व्यायाम बंद करू नका, मी घेईन.”