पाण्याच्या टाकीजवळची बालवाडी

मला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. मुलगी साडेतीन वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात तर माझ्या पायाला भिंगरीच लागली. कारण एकच होतं. ती घरात अखंड बडबडायची आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तोंडात मिठाची गुळणी धरायची. दूधवाला, शेजारीण, देवळातले पुजारी, कोणाशी एक अक्षर नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा अगदी मायेने विचारलं, ही मुकी आहे का हो? मी त्यांची वाटी परत द्यायला गेले होते, ती तशीच हातात घेऊन वर आले.

आम्ही बडोद्याला प्रतापनगरमध्ये रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. नवरा वर्कशॉपमध्ये होता आणि सासरे निवृत्त झालेले. सासऱ्यांचे आजोबा बडोदा संस्थानच्या फौजेत होते. फौज गेली, शिस्त मात्र घरात मुक्कामाला राहिली. त्या शिस्तीतला एक नियम भाषेचा होता. घरात स्वच्छ मराठी, बाहेर स्वच्छ गुजराती, आणि भेसळ कुठेच नाही. लहानपणी शाळेत मुलं त्यांच्या गुजरातीला हसली होती, ते त्यांना म्हातारपणीही झोंबत होतं. नात नुकती बोलायला लागली होती तेव्हा, भाजीवालीशी अर्धं हे अर्धं ते बोलली की ते तिला तिथेच थांबवायचे आणि हळू आवाजात वाक्य दुरुस्त करून द्यायचे. रागावत कधी नसत. पण बडोद्यात राहून भेसळ करायची नाही म्हणजे पाण्यात उतरून ओलं व्हायचं नाही. मी मनातल्या मनात चिडायचे आणि पोळ्या जाड करून ठेवायचे.

तेव्हा बडोद्यात इंग्लिश नर्सऱ्यांचं पेव फुटलं होतं. ज्याच्या बंगल्याला गॅरेज असेल तो त्याच्या भिंतीवर बदकं आणि उंदीर रंगवून नर्सरी काढत होता. नवऱ्याने फतेगंजमधली एक नावाजलेली नर्सरी हेरली. नवा फ्रॉक घालून, स्कूटरवर पुढे उभी करून मुलीला मुलाखतीला नेलं. मॅडमनी तिला केळं दाखवलं, सफरचंद दाखवलं, नाव विचारलं. ती टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटकडे बघत राहिली. मॅडम म्हणाल्या, दिवाळीनंतर एक जागा रिकामी होईल, तोवर बोलायला लागली तर आणा, नाहीतर आधी डॉक्टरला दाखवा.

दुसऱ्या दिवशी भाजीला म्हणून मुलीला घेऊन निघाले ती पाण्याच्या टाकीजवळच्या सरकारी बालवाडीत शिरले. एकच खोली, वर पत्रे, खाली विटलेली सतरंजी. कोपऱ्यात कढईत मुलांच्या खाऊची सुखडी होत होती आणि तिचा गुळाचा वास रस्त्यापर्यंत येत होता. शिकवणाऱ्या बेन कोणाचं तरी नाक पुसत होत्या. त्यांनी मुलीला काही म्हणजे काही विचारलं नाही. नुसतं दोन मुलांना सरकायला सांगितलं, आणि मुलगी त्या मोकळ्या झालेल्या जागेत जाऊन बसली. मी तिथल्या तिथे नाव घालून टाकलं. भाजी राहिलीच.

संध्याकाळी नवरा म्हणाला, आपल्या क्वार्टर्समधलं एकही मूल तिथे जात नाही. ते खरं होतं. मीसुद्धा तिथल्या मुलांची काळी नखं बघून आले होते, खोटं कशाला बोलू. शेवटी दिवाळीपर्यंतची मुदत ठरली. तोवर बोलली नाही तर बालवाडी बंद, आधी डॉक्टर, मग फतेगंज. सासऱ्यांनी एवढंच विचारलं की तिथे गुजराती तरी धड शिकवतात ना.

बालवाडीची एक पद्धत होती. आईने मुलाला सोडायला जायचं नाही. तेडागर म्हणून एक बाई असायची, ती सकाळी घरोघर फिरून मुलांना गोळा करायची. मुलं एकामागे एक, पुढच्याचा सदरा धरून. जे मूल रांगेत शेवटचं आलं, त्याने पुढच्या दारासमोर उभं राहून तिथल्या मुलाला हाक मारायची, हा नियम. आमच्यानंतरचं दार क्वार्टर्सबाहेरच्या, समोरच्या इस्त्रीवाल्याचं. त्याच्या मुलीला हाक मारायचं काम रोज आमच्या मुलीकडे यायचं, आणि ती रोज मुकाट उभी राहायची. सगळी रांग उन्हात थांबायची. मग तेडागर दुसऱ्या कुणाला तरी खूण करायची.

पहिल्या दिवशी मला राहवलं नाही. जिना उतरून धावत गेले आणि मीच हाक मारली. तेडागरने मला बाजूला केलं. "ए एनो वारो छे, बेन. एने बोलवा दो." पाळी तिची होती, तिलाच बोलू द्यायचं होतं.

त्यानंतर मी वरून, गॅलरीतून बघायचे. दूध उतू जायचं, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहायच्या. पाऊस आला नि गेला, गरबे झाले, घराघरांतून दिवाळीची साफसफाई सुरू झाली. माझा जीव टांगणीला लागला होता. नवऱ्याने डॉक्टरचा पत्ताही आणून ठेवला.

एका सकाळी वेणी घालताना मी हातातला कंगवा थांबवला आणि तिला सरळ विचारलं, बाहेर का गं बोलत नाहीस? इतक्या दिवसांत हे कोणी तिला विचारलंच नव्हतं. एकमेकांनाच विचारत होतो.

ती म्हणाली, "मला बाहेरचं येत नाही. घरातलंच येतं."

मला रडूही आलं आणि संतापही आला. कुणावर ते कळेना. सासरे शेजारी पेपर वाचत होते. मी त्यांना ऐकू जाईल असं मोठ्यांदा तिला सांगितलं, "मग घरातलंच बोल. बाहेर चालतं ते." त्या घरात मी त्यांच्या नियमाविरुद्ध असं कधी बोलले नव्हते. पेपर खाली आला नाही. वेणी वाकडीच झाली.

तेडागर आली, मुलगी रांगेच्या शेवटी लागली. रांग इस्त्रीवाल्याच्या दारात थांबली. मी गॅलरीत गेले. मागून सासरेही आले, चष्मा कपाळावर ठेवून. रांगेतलं एक मूल कंटाळून खाली बसलं. आणि मग माझ्या मुलीचा आवाज आला, घरात असतो तेवढाच मोठा.

"ए, ये ना लवकर! मला ऊन लागतंय."

इस्त्रीवाल्याची मुलगी "आवी, आवी" करत एकाच पायात चप्पल घालून बाहेर आली आणि हिचा फ्रॉक धरून मागे उभी राहिली. एवढंच झालं. कोणी हसलं नाही. सासऱ्यांनीही काही दुरुस्त केलं नाही, ते आत गेले.

रांग निघाली. माझी मुलगी मान मागे वळवून त्या मुलीला काहीतरी सांगत चालली होती, हातवारे करून, न थांबता. काय ते मला वर ऐकू येत नव्हतं. ती बोलावी एवढ्यासाठी मी उन्हाळ्यापासून तळमळले होते. आता ती बोलत होती, आणि मी कठडा घट्ट धरून उभी होते, की वळणावर गेल्यावर तरी एकदा वर बघेल. ती बोलत बोलत वळून गेली.