तीन महिन्यांचे रविवार

सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हा माझी नेमणूक भंडारा जिल्ह्यात कोंढ्याजवळच्या एका खेड्यात, उपकेंद्रावर नर्स म्हणून झाली. वय चोवीस, लग्न झालेलं नाही. गावात ख्रिस्ती अशी मी एकटीच. लोक वाईट नव्हते. वांगी-वालाच्या शेंगा आणून द्यायचे, दिवाळीला फराळाचं ताट पाठवायचे. पण रविवार उजाडला की आपण इथले नाही हे कळायचं. भंडाऱ्याला आमच्या घरी रविवारी सकाळी सात माणसं एका आरशापुढे भांडत तयार व्हायची. इथे मी पांढरी साडी नेसून खाटेवर बसून राहायचे आणि मग ती बदलून कपडे धुवायला घ्यायचे.

आठ किलोमीटरवर वैनगंगेच्या काठी एका गावात एक म्हातारं ख्रिस्ती जोडपं आहे, हे मला सहा महिन्यांनी कळलं. म्हातारे पूर्वी मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि आता वडिलांच्या दोन एकरांत धान करत होते. मी त्यांना काका म्हणू लागले, बायकोला काकू. मूलबाळ नव्हतं. दर रविवारी मी सायकलने त्यांच्याकडे जायचे. ओसरीत एक गीत, बायबलमधलं थोडं शास्त्रवाचन, प्रार्थना, मग काकूंच्या हातचा भात आणि नदीतल्या मासोळ्यांचं कालवण. काकांचा आवाज मोठा. माझा सूर चुकला की ते मध्येच थांबवून पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायचे.

दुसऱ्या पावसाळ्यात, धानाची रोवणी चालू असताना, माझ्या गावातली एक सून माझ्या हातात गेली. बाळ अडलं होतं. मी पाहताच म्हटलं, पवनीच्या दवाखान्यात न्या. बैलबंडी जुंपली, पण नाला दुथडी भरून वाहत होता. दुपारभर आम्ही काठावर बसून राहिलो. पाणी उतरलं नाही. शेवटी तिच्या सासूने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सुनेच्या तोंडावर पदर ओढला.

मला कोणी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. पाणी भरून देणारी बाई यायची थांबली. मी दिसले की पारावरचं बोलणं थांबायचं. एका सकाळी उपकेंद्राकडे येणाऱ्या पायवाटेवर बाभळीची काटेरी फांदी आडवी टाकलेली दिसली. मी उचलून बाजूला केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा होती. तिसऱ्या दिवशी मी ती उचलली नाही.

त्या दिवसांत माझी प्रार्थनाही थांबली. ठरवून थांबवली असं नाही. गुडघे टेकले की बंडीतला तो पदर दिसायचा आणि मी उठून उभी राहायचे. काकांकडेही जाईना. दोन रविवार गेले.

तिसऱ्या रविवारी सकाळी दाराशी चिखलाचे पाय वाजले. काका-काकू आठ किलोमीटर चालत आले होते. काकूंनी चपला हातात धरल्या होत्या. वाटेवरची फांदी काकांनीच ओढून कुंपणात टाकली असावी, कारण त्यांच्या तळहातातून रक्त येत होतं. ते मी पुसू लागले आणि मला रडू फुटलं.

"आमी तुले समजावाले नाई आलो, पोरी," काका म्हणाले. "तुयासंगं बसाले आलो."

खरंच ते बसले. काकूंनी तांदूळ निवडले. काकांनी नेहमीचं गीत म्हटलं. मी ओठ मिटून होते. जाताना काकू म्हणाल्या, "तुले बोलता येत नसंल त राहू दे. तुया वाटचं आमी बोलतो." पावसाळा संपून थंडी लागेपर्यंत ते दर रविवारी येत राहिले. गाव बघत होतं. हळूहळू मी गुणगुणू लागले. पौषात त्याच सासूने दाराशी येऊन, खाली बघत, धाकट्या सुनेला बघायला चला म्हटलं. ती बाळंतीण सुखरूप सुटली. पुढची चार-पाच वर्षं पुन्हा मीच सायकलने काकांकडे जात राहिले.

मग काकू गेल्या. चार दिवसांच्या तापात, भाद्रपदात. धानाच्या बांधीच्या कडेला मोहाच्या झाडाखाली त्यांना पुरलं. भंडाऱ्याहून चर्चचे पाळक आले, पाच-सहा कुटुंबं आली. सगळ्यांत खणखणीत आवाजात काकाच गायले. लोक परतताना म्हणत होते, विश्वास असावा तर असा. मीही तेच म्हटलं.

त्यानंतर तीन महिने मी त्यांच्याकडे गेले नाही.

कारणं भरपूर होती. शिबिरं होती, लसीकरण होतं, सायकलचं चाक वाकडं झालं होतं. पण खरी गोष्ट अशी की अशा माणसाला मी काय धीर देणार, असं मला वाटायचं. धीर त्यांनी द्यायचा आणि मी घ्यायचा, अशीच आमची वाटणी झाली होती.

पहिली बातमी त्यांच्या गावच्या एका पेशंटबाईने आणली. "कंपाउंडरबाबा कोनासंगं बोलत नाई आता." मी म्हटलं, दुःख आहे, होईल कमी. दुसरी बातमी दिवाळीनंतर आली: बाबांनी गाय सोडून दिली. विकली नाही, नुसती दाव्यातून सोडली. तिसरी अशी की, साऱ्या गावाची कापणी झाली, बाबांचं धान उभंच आहे. हे ऐकताना मी कुणाला तरी इंजेक्शन देत होते. ज्या माणसाने आयुष्यात एक लोंबीही वाया जाऊ दिली नाही, त्याच्या बांधीत धान झडत होतं.

त्या रविवारी मी निघाले. दोन्ही बाजूंनी कापलेली, मोकळी, करड्या रंगाची शेतं. माणूस नाही, गुरं नाहीत. नदीकडे वळल्यावर दुरून एकच पट्टा उभा दिसला, काळपट पडलेला, जागोजागी आडवा झालेला. कडेला मोहाचं झाड. आणि झाडाच्या पलीकडे, काकूंच्या मातीपासून चार हातांवर, पांढरा रंग दिलेला, आकडा घातलेला दगड. धरणाच्या मोजणीचे दगड इकडे पडू लागलेत असं ऐकलं होतं. पाहिला मात्र तो पहिलाच.

घराचं दार आतून बंद होतं. हाक मारली. शेजारची बाई कुडावरून डोकावली. "दोन दिस झाले, बाई. चूल नाई पेटली. आमी भाकर नेली त दार नाई उघडलं."

मी दारावर दोन्ही हात मारले. "काका! मी आली!" आत काही हललं नाही. शेजारणीच्या नवऱ्याला बोलवावं, दार तोडावं, असं म्हणत मी वळले तेवढ्यात कडी वाजली.

काका दाराला धरून उभे होते. दाढी वाढलेली, ओठ कोरडे. नाडी पाहायला मी हात धरला तर हाडच हातात आलं.

"काहून आली?" ते म्हणाले.

मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. पेला खाली ठेवून ते बोलले. "तो दगड पायला? पानी तिथवर येनार मनते. तिले बी गिळंल. मी आता त्याच्यासंगं बोलत नाई." ‘त्याच्यासंगं’ म्हणताना त्यांनी वर पाहिलं नाही, पण मला कळलं. शास्त्राचं पुस्तक फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकलेलं होतं.

मी म्हटलं, "काका, मी खचली तवा तुमी येत होता न माझ्याकडं."

"आमी येत होतो," काका म्हणाले. "तू नाई आली."

त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"दर इतवारी ओसरीत बसून रायलो. सायकल दिसंल मनून. तिच्या मातीवर मी गायलो, ते लोकाईसाठी गायलो. घरी आल्यावर मले कोनीच नाई मनलं, का बाबा, आता आमी गातो, तू आयक."

मी माफी मागितली नाही. चूल पेटवली, तांदळाची पेज केली. त्यांनी चार घोट घेतले. मग मी गीत म्हटलं, एकटीने, बेसूर. प्रार्थना केली तीही अडखळत. काकांनी आमेन म्हटलं नाही.

शेजाऱ्यांनी आणि मी मिळून उरलंसुरलं धान कापलं. पुढच्या रविवारी मी गेले, त्याच्या पुढच्याही. रोज त्यांना जेवू घालायचं शेजारणीने आपणहून पत्करलं. किती रविवार ते नुसते भिंतीकडे बघत बसले ते मोजले नाहीत. माघ संपता संपता एका रविवारी मी दुसरं कडवं चढ्या सुरात उचललं, तेव्हा ते चिडून म्हणाले, "तसं नाई. पयल्यापासून मन." मी पहिल्यापासून म्हटलं. शेवटी अगदी बारीक आवाजात आमेन आलं.

ते आणखी तीन वर्षं जगले. दगडाबद्दल पुन्हा बोलले नाहीत, आणि पूर्वीसारखं खणखणीत गायलेही नाहीत. काकूंच्या शेजारीच त्यांना ठेवलं. धरणाचं काम तेव्हा नुसतं बोलण्यात होतं, पुढे ते झालं, गाव उठलं, आणि आता तिथे काय दिसतं ते बघायला मी गेलेली नाही.

काका गेल्यावर वर्षभरात माझी बदली भंडाऱ्याला झाली. पहिल्या रविवारी उपासनेत पाळकांनी धीर धरण्यावर मोठ्या आवाजात प्रवचन दिलं. बाहेर सगळे म्हणाले, काय खंबीर माणूस. पाळकांचा तरणा मुलगा मागच्याच उन्हाळ्यात वारला होता. मी घरी गेले, जेवले आणि संध्याकाळ व्हायच्या आत त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहिले.

दार उघडायला वेळ लागला. "काही काम होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तुमच्याजवळ थोडं बसायला आले."

ते चौकटीला धरून उभे होते. त्यांच्या मागे घरात दिवा लावलेला नव्हता. मग ते बाजूला झाले आणि मी आत गेले.