चौसष्ट दुकानांची यादी

गुरुवार, २५ मे २००६. सकाळचे सात वाजून पन्नास मिनिटं. जुन्या जालन्यात एका किराणा दुकानावरच्या खोलीत काकासाहेब स्वतःच लिहिलेला प्रोग्रॅम तिसऱ्यांदा वरपासून खाली वाचत होते. चूक सापडत नव्हती. साडेनऊला भारनियमनात वीज जाणार होती.

सुरुवात सात पंचवीसच्या फोनने झाली. फोन शहागडचे बियाणे विक्रेते अप्पाराव यांचा होता.

"भौ, यादीत माझ्या नावापुढं नव्वद पेट्या दाखवून राह्यलंय. म्या तर पंचवीस मागितल्या होत्या."

"थांबा अप्पाराव. टेम्पो सोडू नका."

"सोडू नका कसं? टेम्पोवाला चहा पिऊन उभाय. आन् हे बघा, तुम्ही नव्वद देतच असाल तर मी काही न्हाई म्हणत न्हाई. वाडीगोद्रीवाला बोंबलंल, त्याला तुम्ही समजवा."

यादी होती इचरज सीड्सची. एमआयडीसीतला हा कारखाना बियाणं साफ करून, पेट्यांत भरून जिल्ह्यातल्या चौसष्ट दुकानांना देतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत कुणाला किती माल मिळणार हे फोनवरून कळवलं जाई. दोन माणसं दिवसभर त्यातच गुंतायची. मग काकासाहेबांनी वेबसाइट करून दिली. मुनीम नवलकिशोर सकाळी सातला एक्सेलची फाईल चढवतात, वेबसाइट त्यावरून यादी दाखवते, दुकानदार जवळच्या सायबर कॅफेत जाऊन ती पाहतात आणि टेम्पो पाठवतात. गोदामाचा गेटपासही याच यादीवरून निघतो. यादी चुकली की अंबडचा माल शहागडला जातो आणि शहागडचा वाडीगोद्रीला. त्या सकाळी तसंच झालं होतं. प्रत्येक दुकानापुढे त्याच्या वरच्या दुकानाचा आकडा आला होता.

काकासाहेबांनी आधी यादी काढून घेतली आणि त्या जागी 'यादी थोड्या वेळात' एवढीच ओळ ठेवली. आठ वाजून दहा मिनिटांनी मालक बालकिशनजींचा फोन आला. ते आवाज चढवत नाहीत.

"दहाला गोडाऊन उघडतं. तोवर यादी बराबर पाहिजे. आज हंगामाचा पहिला माल आहे. पुतण्या दोन महिन्यांपासून सांगून राह्यला, पुण्याच्या कंपनीला द्या म्हणून. न्हाई जमलं तर देऊन टाकतो. मंग तुम्ही मोकळे, मी मोकळा."

"होईल शेटजी."

"कधी?"

काकासाहेब म्हणाले, "करून राह्यलो."

ते अठ्ठावीस वर्षांचे आहेत. गाव भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई. वडील कडूबा शेती करतात. बी.एस्सी. झाल्यावर काकासाहेब जालन्यात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये तीन वर्षं शिकवत होते. वेळेवर येणं, वेळेवर बसणं आणि दर तासाला घंटा यांना कंटाळून त्यांनी २००३ साली ते काम सोडलं. वेबसाइट करणं ते एका मासिकासोबत आलेल्या सीडीवरून शिकले. आज त्यांच्याकडे सात ग्राहक आहेत. त्यात एक लॉज आहे, एक वधुवर सूचक मंडळ आहे आणि एक रोलिंग मिल आहे. मिलच्या वेबसाइटवर पहिल्या दिवसापासून फाटकाचा एकच फोटो आहे. हे तिघेही काकासाहेबांकडे आले ते 'बालकिशनजींचं काम करतो' एवढं ऐकून. ते काम गेलं तर बाकीचे किती दिवस टिकतील, याचा हिशेब त्यांनी त्या सकाळी केला नाही, कारण उत्तर माहीत होतं.

गावी गेल्यावर वडिलांशी होणारं बोलणं ठरलेलं आहे.

"दुकान न्हाई, हापिस न्हाई, साहेब न्हाई. मंग सकाळी उठून जातो कुठं?"

"कुठंच न्हाई जात, बाबा."

"तेच म्हंतो मी."

या कामात सगळं सुरळीत असलं की कुणी फोन करत नाही. फोन आला की समजायचं, काहीतरी बंद पडलंय. त्यामुळे काकासाहेब फोन वाजण्याआधीच उठून उभे राहतात, अशी त्यांच्या पत्नी उषाबाईंची तक्रार आहे. त्या सकाळी त्यांनी कीबोर्डशेजारी पोहे ठेवले. नऊला येऊन पाहिलं तर पोहे तसेच होते आणि काकासाहेब जिन्यात येरझारा घालत होते.

"जिन्यात सापडणारे का चूक?"

"खोलीत तर न्हाई सापडली."

पहिला संशय त्यांचा स्वतःवरच होता. मंगळवारी त्यांनी यादीचा रंग बदलला होता. तो बदल मागे घेतला, फरक पडला नाही. मग सर्व्हरवर संशय गेला. सर्व्हर अमेरिकेत होता आणि व्यवस्थित चालू होता. शेवटी मुनीमजींना फोन केला. नवलकिशोर साठीचे आहेत, चाळीस वर्षं वह्या लिहिलेला माणूस. कॉम्प्युटर ते दोन वर्षांपूर्वी शिकले, काकासाहेबांकडूनच.

"फाईल बिलकुल बराबर आहे. दोनदा ताळा केला मी."

"मला ईमेल करा बरं."

फाईल आली. काकासाहेबांनी ती तीनदा उघडली आणि तीनदा बंद केली. अंबड नव्वद, शहागड पंचवीस. फाईलमध्ये सगळे आकडे आपापल्या जागी होते. चूक फाईलमध्ये नव्हती आणि प्रोग्रॅममध्येही दिसत नव्हती.

नऊ वाजून बारा मिनिटांनी त्यांनी प्रोग्रॅमला एकच गोष्ट विचारली. फाईलमध्ये ओळी किती? उत्तर आलं, सहासष्ट. दुकानं चौसष्ट, वर मथळ्याची एक ओळ, म्हणजे पासष्ट हव्यात. त्यांनी फाईल चौथ्यांदा उघडली आणि स्क्रीनवर बोट ठेवून वरून मोजायला लागले. बोट पहिल्याच ओळीवर थांबलं. तिथे, मधोमध, लिहिलं होतं: श्री.

ही ओळ त्यांनी याआधी तीनदा पाहिली होती. लग्नपत्रिकेवर, तलाठ्याकडच्या अर्जावर, शाळेच्या वहीच्या पहिल्या पानावर ती असतेच. ती कुणी वाचत नाही. नजर तिच्याखालून सुरू होते. प्रोग्रॅमची नजर मात्र तिथूनच सुरू झाली होती. त्याने श्रीला मथळा समजून सोडून दिलं, खऱ्या मथळ्याला पहिलं दुकान धरलं आणि पुढचे सगळे आकडे एकेक घर खाली सरकवले. पहिल्या दुकानापुढे शून्य आलं होतं. ते दुकान जालन्यातच आहे, यादी न पाहता माल थेट कारखान्यातून उचलतं, म्हणून तिथे शून्य दिसल्याचं कुणाला नवल वाटलं नाही.

काकासाहेबांनी पुन्हा मुनीमजींना फोन लावला.

"मुनीमजी, पहिल्या ओळीत श्री टाकलाय का?"

"मंग? हंगामाची नवी फाईल आहे. अक्षय्य तृतीयेला मुहूर्तावर उघडली. श्री न घालता उघडू?"

"मागच्या साली न्हवता."

"मागच्या सालची फाईल तुम्ही बनवून दिल्ती. तेव्हाच मी म्हणलो होतो, हिला डोकं न्हाई."

"तेवढी ओळ काढता का?"

"चालू हंगामात? मी न्हाई काढणार. तुमच्या मशीनला दिसत न्हाई तर मशीनला चष्मा लावा."

नऊ सोळा झाले होते. काकासाहेबांनी आपल्या प्रतीतून ती ओळ काढली, फाईल चढवली आणि यादी पुन्हा सुरू केली. शहागड पंचवीस. अप्पारावांना कळवलं. "नव्वद गेल्या म्हणा की," एवढं बोलून त्यांनी टेम्पो सोडला.

पण हे एका दिवसापुरतं होतं. उद्याच्या फाईलमध्ये श्री परत असणार होता. आणि फाईलमध्ये प्रत्येक दुकानाचा क्रमांकही होता, पहिल्या दिवसापासून. काकासाहेबांनी वेबसाइट करताना तो वापरलाच नव्हता. घाई होती, मुनीमजींची यादी कधी हलत नाही असं ते धरून चालले, आणि ओळी नुसत्या क्रमाने जुळवल्या. आता त्यांनी तो भाग खोडून नव्याने लिहायला घेतला. क्रमांक पाहायचा आणि मगच आकडा लावायचा. ज्या ओळीत क्रमांक नाही ती सोडून द्यायची. साडेनऊला वीज गेली. पंखा थांबला, यूपीएस वाजायला लागला. तो बारा मिनिटं चालतो. नवा प्रोग्रॅम नऊ चौतीसला चढला. मुनीमजींनी श्रीसकट आपली फाईल पुन्हा टाकली. फोनवर दोघांनी चौसष्ट आकडे एकेक करून ताडून पाहिले. शेवटचा आकडा जुळला आणि कॉम्प्युटर बंद झाला.

दहाला पाच मिनिटं असताना बालकिशनजींचा फोन आला.

"नवलकिशोर म्हणतो, श्रीमुळं झालं."

"श्रीमुळं न्हाई झालं, शेटजी. मी क्रमांक बघायला पाहिजे होता. चूक माझी आहे."

पलीकडे कुणीतरी हमालांना हाका मारत होतं.

"ठीक आहे. पुण्याला फोन करत न्हाई. पण हे असं घरी बसून न्हाई चालायचं. हंगाम आहे तोवर रोज साडेसहाला इथं या. मुनीमजीच्या बाजूला बसा. यादी लागली, बघितली, मंग जा."

"शेटजी, माझी दुसरी कामं असतात."

"सकाळी साडेसहाला कोणतं काम असतं?"

काकासाहेब हो म्हणाले. फोन ठेवला, खुर्चीवरून उठले, खिडकीशी गेले, परत आले. पोहे खाल्ले नाहीत. तीन वर्षांपूर्वी ज्या गोष्टीला कंटाळून नोकरी सोडली, ती पावसाळा संपेपर्यंत तरी पुन्हा मागे लागली होती. उषाबाईंनी विचारलं, काम राहिलं की गेलं?

"राह्यलं."

"मंग बसा ना जरा."

ते बसले नाहीत. मोटारसायकलमध्ये पेट्रोल किती आहे ते बघायला खाली उतरले.

उद्या शुक्रवार. इचरज सीड्सची यादी सातला लागते. बाहेरून येणाऱ्याला कारखान्याच्या फाटकावर वहीत नाव, गाडीचा नंबर आणि येण्याची वेळ लिहावी लागते. काकासाहेबांना तिथे सहा तीस लिहायचे आहेत.