दोन खिळे

साइटच्या ऑफिसात झाडताना रोज दोन खिळे दिसायचे. एकावर भिंतींचा नकाशा, दुसऱ्यावर पाइपांचा. परवा वाऱ्याने दोन्ही कागद पडले. उचलून खिडकीच्या उजेडात एकावर एक धरले, तर वरून येणारा पाइप बरोबर स्वयंपाकघराच्या दारात उतरत होता. चौथी शिकलेल्या मला ते दिसलं, पण साहेबांना सांगायला तोंड उघडेना.

आज त्या दाराची चौकट बसल्यावर पाइपवाले आले, तर पाइप दारातच उतरत होता. साहेब रामभाऊ गवंड्यांवर ओरडले, "डोळे फुटले होते का रे?"

"तुमच्याच कागदावर दार हितं हाय, साहेब."

"उलट बोलू नकोस. फोड ती भिंत!"

पुरणपोळीचं पीठ मळणारीसुद्धा पुरण सैल झालंय का, हे आधी विचारते. इथे एकाच घराचे दोन कागद काढणारे शिकलेले लोक एकमेकांना काही विचारत नाहीत, आणि डोळे मात्र रामभाऊंचे फुटतात! ज्या हातांनी रचली, त्याच हातांनी त्यांनी भिंत पाडली. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. त्यात माझ्या गप्प बसण्याचाही राग होता.

संध्याकाळी मी एक खिळा उपटून फेकला. दोन्ही कागद आता एकाच खिळ्यावर आहेत.